बारा जिताडे आणि पौर्णिमेची भरती

गेल्या कार्तिकात, एका शुक्रवारी दुपारी, बहरीनमधल्या जनाबियात, आमच्या कंपाउंडच्या स्विमिंग पूलमध्ये सुमारे चारशे मासे आढळून आले. ते तिथे मी सोडले होते.

सुमारे चारशे हा आकडा कंपाउंडची देखभाल करणाऱ्या युसुफभाईंचा आहे. मी तो तपासलेला नाही. त्या दिवशी ज्या गोष्टी तपासायला हव्या होत्या, त्यांतली ही सर्वांत किरकोळ होती.

मी मनामातल्या एका वर्तमानपत्राच्या न्यूज डेस्कवर अकरा वर्षे काम करतो. इतरांच्या चुका छापून येण्याआधी पकडणे हा माझा धंदा आहे. आई गेली तेव्हाही मी डेस्कवर होतो आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी निधनाची बातमी दुरुस्त करत होतो. गावाहून वडिलांचा, अप्पांचा फोन आला. मी पान पूर्ण करून छपाईला सोडले आणि मग निघालो. पान सोडायला चाळीस मिनिटे लागली. विमान पस्तीस मिनिटांनी चुकले. खारेपाटातल्या, खाडीकाठच्या आमच्या घरी पोचलो तेव्हा सगळे झाले होते. अग्नी चुलतभावाने दिला होता. अप्पा ओटीवर बसले होते. मला पाहून म्हणाले, "जेवलास?"

त्यानंतरच्या पावसाळ्यात, आषाढाच्या उधाणाला, खाडीचा बांध फुटला आणि घरामागच्या आमच्या तळ्यात पाणी घुसले. आमच्याकडे तळे म्हणजे जिताड्याचे तळे. जिताडा जन्मतो खाऱ्या पाण्यात आणि वाढतो गोड्यात. व्याही येवोत की डॉक्टर, पानावर जिताडा पडला की मान राखला गेला असे समजतात. (इंग्रजी मेनूकार्डावर हाच मासा सी बास होतो, त्याच्यावर लिंबाची चकती बसते आणि मान कुणाचाच राखला जात नाही.) त्या उधाणात अप्पांचे सगळे जिताडे खाडीत निघून गेले. पाणी ओसरले तेव्हा तळ्यात चिलापी नावाची मासळी होती. खाडीतून आत आलेली, काहीही खाणारी, कुठेही पिल्ले घालणारी. महिनाभरात तळे चिलापीचे झाले. अप्पांनी तळ्याकडे जाणे बंद केले. मग जेवणही अर्ध्यावर आले. चुलतभावाने फोन केला, "म्हातारा भिंतीकडं तोंड करून झोपतो. घेऊन जा."

मी त्यांना व्हिजिट व्हिसावर बहरीनला आणले. सामानात दोन लेंगे, तीन बंड्या आणि पाग होता. पाग म्हणजे फेकायचे गोल जाळे, काठाला शिशाच्या गोळ्या लावलेले. विमानतळावर बॅग उघडायला लावली.

"ये क्या है?" अधिकाऱ्याने विचारले.

"जाळं," अप्पा म्हणाले.

"मछली पकडने का?"

"नाय, गळ्यात घालायचं."

अधिकाऱ्याला मराठी येत नव्हते, म्हणून आम्ही देशात शिरू शकलो.

वर्षश्राद्ध कार्तिकातल्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी होते. त्यासाठी गावी जायला मी दोन आठवड्यांची रजा मागितली होती. एक दिवस मिळाली. तेव्हा श्राद्ध इथेच करायचे ठरले. ते मी अप्पांना भीतभीतच सांगितले. त्यांनी बोटांवर तिथी मोजली. मग म्हणाले, "कर. पण तिखटाच्या पानावर जिताडा पायजे. माझ्या हातचा."

आमच्यात श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी गेलेल्या माणसासाठी तिखटाचे पान ठेवतात. अप्पांनी आई गेल्यापासून मासा तोंडात घातला नव्हता. त्या पानानंतर घालणार होते. म्हणजे हिशेब सरळ होता: जिताडा नाही, तर पान नाही, आणि पान नाही तर अप्पांचे जेवणही नाही. आईसाठी मी अग्नीला पोचलो नव्हतो. हे एक काम उरले होते. मी म्हणालो, "होईल."

(या शब्दाला त्या वेळी काहीही आधार नव्हता.)

पहिल्याच आठवड्यात मी मनामातल्या हूरा भागातल्या एका दुकानातून बर्फातला सी बास आणून अप्पांसमोर ठेवला. त्यांनी त्याचे डोळे पाहिले, कल्ले उचलले, पाठीवर बोट दाबले.

"जिताडाच हाय," ते म्हणाले. "पण ह्याचं नि माझं काय नातं?"

मग आम्ही तीन शुक्रवार समुद्रावर गेलो. ऑगस्ट होता. पाणी चहाला ठेवल्यासारखे तापलेले. अप्पांच्या गळाला छोटे चपटे मासे लागले, एक खेकडा लागला आणि एकदा शेजारच्या माणसाची टोपी लागली. जिताडा लागला नाही.

"अप्पा, इथल्या समुद्रात जिताडा नाही."

"का नाय?"

"नाही म्हणजे नाही. तो मूळचा इथला नाही."

"आपण तरी कुठं इथले? आलोच ना?"

मी गळ गुंडाळू लागलो.

आमच्या कंपाउंडमध्ये बारा व्हिला आहेत. मध्ये एक शोभेचे तळे, त्यात दगडी डॉल्फिनचे कारंजे. तळ्याच्या खालच्या अंगाला स्विमिंग पूल. काही वर्षांपूर्वी मालक अबू खालिद यांनी डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून तळ्यात पाच-सहा मासे सोडले होते. माशांनी अळ्या खाल्ल्या. मग कमळे खाल्ली, गोल्डफिश खाल्ले आणि स्वतःची संख्या वाढवत बसले. पाणी हिरवे झाले, वास सुटला. युसुफभाई बादल्या भरभरून मासे काढत, पंधरा दिवसांत तळे पुन्हा भरे. अप्पांनी तळ्यात एकदाच डोकावून पाहिले आणि मटकन कठड्यावर बसले.

"चिलापी," ते म्हणाले. "ही हितं पण आली?"

त्याच संध्याकाळी अबू खालिद तळ्याची पाहणी करायला आले होते. सत्तरीचे गृहस्थ, पांढराशुभ्र पायघोळ अरबी थोब, बाजारात शिकलेली हिंदी. अप्पांना बाकावर एकटे पाहून शेजारी बसले.

"बाबा, ये मछली बहुत खराब. सब खाता. लाइट का वायर भी खाता. मैं इसमें रेती डालेगा, खलास."

"रेती मत डालो," अप्पा म्हणाले. "जिताडा डालो. वो इसको खायेगा."

"अच्छा? फिर जिताडा को कौन खायेगा?"

"हम."

अबू खालिद इतके हसले की त्यांना खोकला आला. मग म्हणाले, "मेरा बाप का बाग था, इधर पास में. पानी जमीन से आता था, ठंडा. हम बच्चा लोग ऊपर से कूदता था. अभी मफी, कुछ नहीं."

"बांध फुटला?" अप्पांनी विचारले.

"नहीं. सूख गया."

"आमचा फुटला."

दोघे त्या घाण वास मारणाऱ्या तळ्याकडे पाहत बसले. उठताना अबू खालिद मला म्हणाले, "बाबा को करने दो."

मासे वाढवणारा एक माणूस युसुफभाईंच्या ओळखीत निघाला. त्याच्याकडून वीतभर लांबीचे बारा जिताडे ड्रममधून आले. अप्पांनी ते एकेक करून हातांनी तळ्यात सोडले. त्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. माझी बायको वैशाली स्वयंपाकघरातून मला बोटांनी दोन दाखवत होती, क्रिकेटच्या पंचासारखी.

पुढचे अडीच महिने आमच्या घरात जिताड्यांशिवाय विषय नव्हता. अप्पा सकाळी सहाला तळ्यावर जात. आमची मुलगी मीरा, वय वर्षे अकरा, शाळेची बस येईपर्यंत त्यांच्याबरोबर मासे मोजत असे. ती मराठी समजते पण इंग्रजीत बोलते. अप्पांना इंग्रजी समजत नाही. दोघांचे उत्तम जमे.

"आजोबा, टुडे ओन्ली सेव्हन."

"सात? मग पाच झोपलेत."

"फिश डोन्ट स्लीप लाइक दॅट."

"आपल्याकडचे झोपतात."

पाणी निवळू लागले. चिलापीची बारीक पिल्ले दिसेनाशी झाली. मोठी चिलापी होती, पण ती आता कडेकडेने, जपून पोहत असे. अप्पा भिंतीकडे तोंड करून झोपायचे थांबले. एक दिवस फोनवर चुलतभावाला म्हणाले, "आपल्या तळ्यात पण टाकू जिताडे. बांध बांधून घे." वैशालीने ते ऐकले आणि रात्री मला म्हणाली, "महेश, ते परत जायचं म्हणतायत. म्हणजे जगायचं म्हणतायत." मी मान हलवली. डेस्कवर इतकी बरी बातमी क्वचित येते.

पौर्णिमा जवळ आली आणि अडचण उद्भवली. जिताडे गळाला लागेनात! अप्पांनी चार दिवस सकाळ-संध्याकाळ गळ टाकला. कोळंबी लावली, माशाचा तुकडा लावला, शेवटी चिलापीचे जिवंत पिल्लू लावले. जिताडे जवळ येत, पाहत आणि निघून जात.

"पोटं भरलीत त्यांची," अप्पा म्हणाले. "चिलापी खाऊन माजलेत."

योजना यशस्वी झाल्यामुळे फसली होती. पाग टाकावा, तर तळ्याच्या तळाशी दिव्यांच्या तारा आणि मध्ये डॉल्फिन. पहिल्याच फेकीत पाग डॉल्फिनच्या नाकात अडकला. मी कंबरभर पाण्यात उतरून, त्या दगडी प्राण्याला मिठी मारून तो सोडवला. (मीराने याचा व्हिडिओ काढला आहे. तो उपलब्ध नाही.)

गुरुवारी अप्पांनी जाहीर केले, "उद्या उघाडी काढायची."

खाडीकाठच्या बांधाला पाणी आत-बाहेर करण्यासाठी एक झडप असते. तिला उघाडी म्हणतात. पुनवेच्या किंवा अवसेच्या उधाणाला ती उघडली की नवे पाणी जोराने आत येते आणि तळ्यातले जिताडे त्या ओढीला तोंडाशी येऊन उभे राहतात. तेव्हा पाग टाकायचा. पुनवेची भरती आमच्याकडे दुपारी बाराला असते.

"अप्पा, हे तळं समुद्राला जोडलेलं नाही."

"नळ हाय ना? नवं पाणी सोड. जिताड्याला काय, ओढ लागली म्हणजे झालं."

"मग बारालाच कशाला?"

अप्पांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी पुढचा प्रश्न गिळला.

शुक्रवार उजाडला. शनिवारी श्राद्ध, रविवारी तिखटाचे पान. म्हणजे हाच दिवस. पाऊण वाजता नव्हे, साडेबाराला नव्हे, बाराला. पंप-खोलीशेजारच्या खड्ड्यात शेजारी शेजारी झडपांची दोन मोठी चाके होती, दोन्हींवरचा रंग उडालेला. एक नव्या पाण्याचे असणार, एवढे मला कळत होते. कोणते, ते युसुफभाईंना माहीत होते. मी त्यांना फोन लावला. शुक्रवारची नमाज होती. फोन बंद.

बातमीत अशा वेळी आम्ही एक वाक्य लिहितो: संपर्क होऊ शकला नाही. वाक्य लिहितो आणि पुढे जातो. त्याच सवयीने मी पुढे गेलो.

"बारा वाजले," अप्पा कठड्यावरून म्हणाले. बंडी, दुमडलेला लेंगा, डाव्या खांद्यावर पाग, काठ दातात धरलेला. वर्षभरात मी त्यांना इतके ताठ उभे पाहिले नव्हते. दातातूनच ओरडले, "काढ रं!"

मी डावे चाक फिरवले.

आधी पाइपातून गुरगुर आली. मग तळ्याच्या खालच्या कोपऱ्यात पाणी हलले. आणि मग जे झाले ते मी विसरणार नाही: तळातून एकामागून एक काळसर पाठी वर आल्या आणि त्या कोपऱ्यात ओळीने उभ्या राहिल्या. बारा. हातभर झालेले, उन्हात चमकणारे.

"आले!" अप्पा म्हणाले. पाग दातातून सुटला. "बघ, आले! ओढ लागली!" त्यांनी तो सावरून पुन्हा उचलला, कमरेतून मागे वळले आणि तसेच थांबले. कोपऱ्यात आता दहा पाठी होत्या. मग सात.

"पाणी येत नाय," ते म्हणाले. "जातंय."

आमचे शोभेचे तळे पूर्वी लहान मुलांचा पोहण्याचा हौद होते, ही माहिती मला नंतर मिळाली. ते एका रुंद पाइपाने खालच्या स्विमिंग पूलला जोडलेले होते, हीसुद्धा. पाइपाच्या तोंडाशी एक जाळी होती. होती, असे युसुफभाई म्हणतात.

मी चाक उलटे फिरवले. ते फिरले. फिरतच राहिले. मग माझ्या हातात आले.

"ओहोटी लागली रं!" अप्पा ओरडले.

त्याच वेळी खालून वैशालीचा आवाज आला. "महेश! पुलात मासे आहेत!"

"किती?" मी विचारले.

"किती काय विचारतोस! ये इकडे!"

शुक्रवारी दुपारी पुलावर निम्मे कंपाउंड असते. मी पोचलो तेव्हा मुले पाण्यातून किंचाळत बाहेर येत होती आणि किंचाळत परत आत उड्या मारत होती. हिरव्या पाण्याचा एक पट्टा निळ्या पाण्यात पसरत चालला होता आणि त्यात चिलापी उसळत होती. तिसऱ्या व्हिलातल्या बाईंनी दोन्ही पाय पाण्यात सोडून शांतपणे चौकशी केली, "हे फिश स्पा कधीपासून सुरू केलं?" मी कपड्यांनिशी आत उडी घेतली. माझ्या हातात कपडे धुवायला टाकायची बास्केट होती. ती मी का उचलली, हे सांगता येणार नाही.

मागून अप्पा आले. पाग खांद्यावर. ते पुलाच्या काठावर उभे राहिले, कमरेतून वळले आणि त्यांनी पाग फेकला.

तो गोल पडला. ताटासारखा, एक सुरकुती नाही. बांध फुटल्यापासून त्यांनी पाग असा फेकला नव्हता. पुलावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी दोर ओढला. पाग भरून आला. सगळी चिलापी.

पुन्हा फेकला. चिलापी. पुन्हा. चिलापी.

"बाबा," मीरा पाण्यातूनच म्हणाली, "दे आर अपसाइड डाउन."

पुलाच्या खोल बाजूला पांढरी पोटे दिसत होती. शुक्रवारी गर्दी असते म्हणून युसुफभाईंनी सकाळीच क्लोरीन जास्त टाकले होते. चिलापी त्यातही पोहत होती. (काही दुसऱ्या दिवशीही पोहत होती. हा मासा कशालाही मानत नाही.) जिताड्यांना जमले नाही. अप्पांनी पाग काठावर ठेवला आणि पायऱ्यांवरून पाण्यात उतरले. एकेक जिताडा त्यांनी दोन्ही हातांवर उचलून आणला आणि फरशीवर ठेवला. मी मदतीला गेलो, तर मानेनेच नको म्हणाले. सगळे शेजारी शेजारी, एका दिशेला तोंड करून ठेवले. शेवटचा ठेवल्यावर मोजले.

"बारा," ते म्हणाले. एकाचे तोंड उघडून वास घेतला. "औषध मारतंय. पानाला नाय चालायचं."

मी पाण्यात उभा होतो. माझ्या हातात बास्केट होती. बास्केटमध्ये एक चिलापी होती.

अबू खालिद तासाभराने आले. पूल हिरवा, तळे रिकामे, डॉल्फिन चिखलात, मी भिजलेला. मी शब्द जुळवत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. पायऱ्यांवर ओल्या कपड्यांत बसलेल्या अप्पांजवळ गेले आणि थोब सावरून शेजारी बसले.

"बाबा, क्या हुआ?"

"पानी गया."

अबू खालिद यांनी फरशीवरचे जिताडे पाहिले. "जाता है," ते म्हणाले. आणि वर तळ्याकडे पाहून, "रेती डालेगा अभी. खलास." अप्पांनी मान हलवली. जिताडे दोघांनी मिळून कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या खजुराखाली पुरले. सत्तरीचे दोन गृहस्थ आणि एक फावडे. मला फावड्याला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी मी म्हणालो, "अप्पा, उद्या बाजारातून ताजा आणतो. कापायच्या आधी तुम्ही हात लावा."

"नको."

"मग पानाचं काय?"

ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

शनिवारी श्राद्ध झाले. गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होते. ऐन पिंडदानाच्या वेळी त्यांचे तोंड उघडे असताना चित्र गोठले. आम्ही हात जोडून त्या उघड्या तोंडासमोर चार मिनिटे बसलो. एरवी घरात कुणीतरी हसले असते. अप्पांनी भात कालवला, तसाच ठेवला.

रविवारी सकाळी उठलो तर अप्पा अंथरुणात नव्हते. मी तळ्याकडे धावलो. धावताना जे विचार मनात आले ते इथे नोंदवत नाही. ते तळ्यात होते. गुडघाभर चिखलात, उघड्या अंगाने, हातांनी चाचपत. शेजारी बादली.

"अप्पा!"

"वरडू नको. पळतील."

बादलीत पाच चिलाप्या होत्या. तळाशी उरलेल्या वाटीभर पाण्यात तग धरून राहिलेल्या.

"जिताडा नाय, तर नाय," ते म्हणाले. "माझ्या हातची तर हाय. सूनबाईला सांग, कोकम जास्त लाव. चिखलाचा वास येतो हिला."

वैशालीने चिलाप्या साफ केल्या. कोकम लावले, तांदळाच्या पिठात घोळवून तळल्या. घरामागच्या भिंतीवर केळीचे पान ठेवले. भात, कालवण, तळलेली चिलापी. कंपाउंडमध्ये कावळा मी अकरा वर्षांत पाहिलेला नाही, हे मी अप्पांना आधीच सांगितले होते. ते म्हणाले होते, जे येईल ते.

आम्ही चौघे भिंतीपासून चार पावलांवर उभे राहिलो.

"सांग तिला," अप्पा म्हणाले.

"काय?"

"पान असं का हाय ते. तू पेपरातला ना? नीट सांग."

मी हात जोडले. "आई, शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास, जनाबिया येथील एका कंपाउंडमध्ये..."

"बातमी नको. सांग."

मी पुन्हा सुरुवात केली. शब्द येईनात. ते रोज येतात, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेत बसतात. वैशालीने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मला माझाच आवाज ऐकू आला.

"आई, मी उशिरा आलो."

हे मला म्हणायचे नव्हते. वर्षभर मी ते कुणाला म्हणालो नव्हतो. मीराने अप्पांचा हात धरला.

"ते तिला म्हाईत हाय," अप्पा हळूच म्हणाले. "माशांचं सांग."

तेव्हा मी माशांचे सांगितले. ड्रममधून आलेल्या पिल्लांपासून. अप्पा मध्येमध्ये दुरुस्त्या करत होते. "पिल्लं वीतभर नव्हती, वितीला कमी होती." "आधी कोळंबी नाय, आधी तुकडा." डॉल्फिनला मिठी मारल्याचे मी गाळत होतो, ते त्यांनी घालायला लावले. मीरा म्हणाली, "अँड द बास्केट, बाबा!" चाक हातात आले तिथे वैशालीने तोंडाला पदर लावला. वैशाली ओरडली तेव्हा मी "किती?" असे विचारले, हे सांगितल्यावर अप्पांचे खांदे हलू लागले. आधी मला वाटले ते रडतायत. मग वाटले हसतायत. मग कळले की वेगळे काढता येणार नाही. त्यांनी बंडीच्या टोकाने डोळे पुसले आणि म्हणाले, "किती! बाई वरडतेय आणि ह्यो विचारतो किती! ऐकलंस का गं?"

मी पुलापर्यंत आलो. बारावा जिताडा फरशीवर ठेवला तिथपर्यंत. "आई, तर ते पान..." मी म्हणालो.

"आजोबा, लुक," मीरा म्हणाली.

भिंतीवर एक पिवळे मांजर बसले होते. केळीचे पान स्वच्छ होते. भातसुद्धा नव्हता. मांजर पंजा चाटत आमच्याकडे पाहत होते, कधीपासून कोण जाणे.

अप्पांनी हात जोडले. "पोचलं," ते म्हणाले. मग वैशालीकडे वळून, "वाढ गं. भूक लागली."

"अप्पा, पण माझं सांगून व्हायचंय!"

"तुझं नेहमीचंच," अप्पा म्हणाले आणि घरात गेले. आतून कुरकुरीत चिलापी मोडल्याचा आवाज आला.

मी भिंतीसमोर हात जोडून उभा होतो. आईकडे पोचायला मला दुसऱ्यांदा उशीर झाला होता. पहिल्या वेळी निदान चुलतभाऊ पुढे होता. या वेळी मांजर.